कोराडीची हिमनदी

खरं तर पंचेचाळीस पॉइंट आठ होतं,
पण खुशाल म्हणाला, सत्तेचाळीसच लिही,
पेपरवाले तरी कुठं सावलीत मोजतात.

पहाटे पाचला निघालो. चौघं, दोन गाड्या,
मागच्यानं भाल्यासारख्या उभ्या धरलेल्या पट्ट्या.
पलटण सोडताना खुशालनं मागून आणलेल्या.
एकीचं टोक मोडकं, त्याला सायकलच्या ट्यूबचं बँडेज.

मानकापूरच्या चौकात हवालदारानं हात केला.
काय आहे बे हे?
स्की, साहेब.
तो बराच वेळ पट्ट्यांकडे पाहत राहिला,
मग म्हणाला, हेल्मेट?
दोन होती. चौघांत दोन.
येताना भेटा, म्हणाला.

राखेचा तलाव सुकला की त्याला उतार फुटतात.
आमच्या कूलरांनी, पंख्यांनी,
ठवरेच्या घरी रात्रभर चालू राहणाऱ्या टीव्हीनं
खाल्लेला कोळसा
इथे येऊन पांढरट होऊन निजतो.
दुरून बर्फच.
जवळून, नाकाला दुपट्टा.

बांधावरून रस्ता आहे, सरळ, टँकरचा.
रस्त्यानं तर टँकर बी जाते, नीलोफर म्हणाली
आणि तुटक्या कुंपणातून आधी तीच वाकली.

गुडघे मऊ ठेव.
उताराशी भांडू नको, तो तुयाहून म्हातारा आहे.
हा तर चार वर्षांचा आहे बे, ठवरे म्हणाला.
टाच दाबून पाह्य, खाली पोकळ तं नाही?
इथे खपलीखाली चिखल असतो,
तिकडे हिमाखाली भेग.
भेग दिसत नाही, बावा. ऐकू येते.
खुशालच्या उजव्या पायाला तीन बोटं.
उरलेली दोन कुठे आहेत
ते आम्हाला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसकट पाठ आहे.

मी सात वेळा पडलो. ठवरे मोजत होता,
कारण तो उभाच राहिला नव्हता.
नीलोफर एकदाच घसरली, वरपासून खालपर्यंत,
काही न बोलता, हात पसरून,
तिच्यामागे राखेची एक लांब शेपटी
उठली आणि बसायचं विसरली.

दहाला पश्चिमेचं आभाळ
सोललेल्या सुरणासारखं झालं.
मग वावधन आलं.

ते येतं तेव्हा आधी आवाज जातो, मग खाल, मग वर.
माझा हात माझ्याच कोपरापाशी संपला.
राख दातांत, राख पापण्यांच्या मुळांशी,
आणि तापलेली, कुणी परातीतून उडवल्यासारखी.
आम्ही मध्यावर कुठेतरी होतो,
उतार असलेल्या कशाच्या तरी मध्यावर.

नावं घ्या! खुशाल ओरडला. आपापली!
ठवरे!
नीलोफर!
मी माझं ओरडलो, ते मलाच परक्याचं वाटलं.
मग त्यानं आणखी एक नाव घेतलं.
स्तानझिन!
आमच्यात कोणी स्तानझिन नव्हता.
स्तानझिन!
आणि थांबला,
उत्तर येण्याजोगं माणूस जेवढं थांबतो
तेवढं.
पुन्हा भरून श्वास घेतलेला ऐकू आला.

ओ, नीलोफर म्हणाली.
मोठ्यानं नाही. अंगणातून देतात तशी.

त्यानंतर तो नुसता म्हणाला, बसा. जिथं आहे तिथं.
आम्ही बसलो. दुपट्ट्याचं एक टोक माझ्या मुठीत आलं,
दुसरं कोणाकडे होतं विचारलं नाही.
पंधरा मिनिटं असतील. ठवरे म्हणतो, तास.

खाली आलो ते पायीच, पट्ट्या खांद्यावर.
मोडक्या टोकाचं बँडेज वर कुठेतरी राहिलं.
त्याबद्दल मात्र सगळे खूप बोललो.

चौकात तोच हवालदार.
चौघांच्या भुवया राखाडी, ओठांच्या कडा राखाडी,
वयं एकदम सत्तर.
काऊन बे, बर्फातून आले का?
होय, खुशाल म्हणाला,
आणि चलान भरलं.